चार हातांचा साहेब

माझा थोरला भाऊ बड्या साहेबाच्या आंघोळीच्या घंगाळाखाली मेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी साहेबाची सोंगं भिंतीभिंतीवर का काढत बसलो, ते पुढं कुणाला विचारावं लागणार नाही. लोक म्हणतात, तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली का? नाही वाटली. हिंमत होती म्हणून नाही. दादा गेल्यावर भीती, राग, भूक, मला काहीच नीट लागत नव्हतं. जेवायचो, रंग कालवायचो, पडायचो.

आमचं गाव अकोल्यापासून दोन कोसांवर. काळी जमीन, घरचा कापूस, एक बैलजोडी. बाप लवकर गेला. शेत दादानं धरलं आणि मी चितारी झालो, म्हणजे भाऊबंदांच्या मते वाया गेलो. अमरावतीला देवीच्या देवळाजवळ एक म्हातारा चितारी होता. त्याच्याकडं मी चार वर्षं गेरू कुटला, चुना चाळला, डिंक भिजवला, तेव्हा कुठं त्यानं हातात कुंचला दिला. शिकवलं काय? देव. गणपती, मारुती, देवी, शेषावरचा विष्णू. देवाखेरीज एकच गोष्ट, लग्नघराच्या दाराच्या दोन्ही अंगांना काढायचे भालदार आणि चोपदार. डोक्याला पागोटं, पिळदार मिशा, हातात काठी. लग्न ठरलं की आमच्याकडं ते दाराशी लागतातच, मग आत दाणा असो नसो. माणूस म्हणून मला काढता येत होता तो एवढाच. अक्षर तर मी चाळिशीत शिकलो, दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता.

त्या वर्षांत समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई पेटली होती आणि त्यापायी आमच्या कापसाला सोन्यासारखा भाव आला होता. लढाई कोणाची, कोणाशी, कोणाला ठाऊक? ठाऊक करून घ्यायला वेळ कोणाला होता? जो तो भिंती बांधत होता, पोरांची लग्नं उरकत होता. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत मला कामच काम होतं. आमच्याही दारात दादाच्या लग्नासाठी चुन्याचा हात फिरवून झाला होता. बापामागं त्याचं लग्न लांबत लांबत गेलं होतं, ते त्या ज्येष्ठात व्हायचं होतं.

बडा साहेब म्हणजे सगळ्या वऱ्हाडाचा धनी. त्याचं नाव काय ते मी सांगत नाही. तेव्हाही कोणी घेत नसे, आणि आमच्यातल्या निम्म्यांना ते उच्चारताही येत नव्हतं. उन्हाळा लागला की तो चिखलदऱ्याच्या डोंगरावर जायचा, आणि त्याच्या मागून त्याचं घर जायचं. खुर्च्या, पलंग, आरसे, कोंबड्या, बाटल्या. हे सगळं आमच्या गाड्यांतून, वेठीनं. पाटलाकडं हुकूम यायचा, पाटील नावं काढायचा आणि ज्याचं नाव निघेल त्यानं मुकाट्यानं बैल जुंपायचे. राजा बोले दळ हाले. त्या वैशाखात दादाचं नाव निघालं आणि त्याच्या गाडीत आलं ते घंगाळ. घंगाळ आपलं म्हणायचं, होतं ते माणूसभर लांब, जस्ताचं, चार माणसांनी उचलायचं. सगळा गाव पाहायला जमला. दादा म्हणाला, "साहेब काय रेडा हाये का बे, एवढ्या पाण्यात बसाले?" सगळे खो खो हसले. मीही हसलो.

घाटात गाडी मागं घसरली. दादा चाकाला दगड लावायला खाली उतरला होता, घंगाळ त्याच्यावर आलं. पाचव्या दिवशी शेजारगावचा एक गाडीवाला आमचे बैल घेऊन आला, तेव्हा हे कळलं. दादाला तिथंच अग्नी दिला होता. तो गाडीवाला भला माणूस, काही लपवू नये म्हणून सगळं सांगत बसला. घंगाळाला पोचासुद्धा आला नव्हता. दुसऱ्या गाडीत घालून वर नेलं आणि साहेबानं त्याच दिवशी आंघोळ केली. साहेबाला दादा मेल्याचं सांगितलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं असंल. मायनं बैलांना पाणी पाजलं आणि दळायला बसली. दोन दिवस ती दळत होती. एवढं पीठ आम्हाला लागणार नव्हतं.

तेरावं झालं आणि दारातल्या त्या पांढऱ्या भिंती तशाच कोऱ्या. एका सकाळी मी रंग कालवले आणि डाव्या अंगाला चोपदार काढला. पागोट्याच्या जागी साहेबाची टोपी, गालांवर त्याचे ते तांबडे कल्ले, तोंडात चुरूट, हातात काठी, कमरेत वाकलेला. सगळ्या वऱ्हाडाचा धनी आमच्या दाराशी चोपदार म्हणून उभा केला. काढताना मला मजा वगैरे काही वाटली नाही. पण गाव फुटलं हसून. बाया पाण्याला जाताना वाट वाकडी करून आमच्या दारावरून जायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. माय तेवढी दारातून आत-बाहेर करताना त्या भिंतीकडं पाहतच नव्हती.

आता अशा चित्राला काही भारदस्त नाव आहे म्हणतात. आम्ही नुसतं सोंग म्हणायचो. दिवाळीनंतर लग्नसराई आली तशी लोक स्वतःहून मागायला लागले. देव तर काढाच, पण कोपऱ्यात साहेबाचं एक सोंगही टाका. मी टाकायचो. साहेब घंगाळात बसलाय आणि चार माणसं घंगाळ ओढतायत. साहेब कापसाच्या गाठीवर उलटा बसलाय आणि गाठीची शेपटी धरतोय. साहेब घंगाळात बुडालाय, नुसती टोपी तरंगतेय. माझं म्हणणं एवढंच होतं, की लोकांनी हसावं आणि हसून झाल्यावर एकानं तरी विचारावं, की दर वेळी हे घंगाळ काहून रे? म्हणजे मग मी दादाचं सांगितलं असतं. पण लोक हसायचे आणि जेवायला बसायचे. विचारलं नाही एकानंही. मेल्यांना नुसतं हसायला पाहिजे होतं.

म्हणून मग मी ठरवलं, की विचारायची गरजच ठेवायची नाही. दादालाच काढायचं. अकोल्याच्या कापसाच्या बाजारात एका अडत्याची नवी वखार होती, तिची रस्त्याकडची भिंत पुरुषभर उंच, कोरी. अडत्या म्हणाला, गणपती काढ. मी हो म्हणालो आणि साहेब काढला. मधोमध घंगाळ, त्यात मांडी घालून बसलेला साहेब, पोट सुटलेलं, कल्ले तांबडेलाल. एका हाताचं काम नव्हतं, म्हणून चार हात दिले. एकात कापसाचं बोंड, एकात तराजू, एकात चाबूक, एकात चुरूट. आणि घंगाळाखाली चिरडलेला, हात पसरलेला, डोळे उघडे, असा दादा. दादाचा चेहरा काढायला मला दोन दिवस लागले. बाकी सगळं एका दिवसात झालं. अडत्यानं पाहिलं, कपाळाला हात लावला, पण पुसायला लावलं नाही. तोही मनातून साहेबावर जळत होताच.

चूक कुठं झाली ते मला तेव्हा कळलं नाही. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, तशी गत. इथं तर उलटीच तऱ्हा, करायला गेलो साहेब अन् झाला देव. मला मोठा म्हणून दाखवायचा तो कसा दाखवायचा? म्हाताऱ्यानं शिकवलं होतं, मोठा म्हणजे चार हात. बसलेला, समोर पाहणारा. आणि पायाखाली एक जण पडलेला. आता आमच्या लोकांनी आयुष्यात अशी चित्रं कोणाची पाहिली होती? वर चार हातांचा देव, खाली मारलेला राक्षस. त्यांनी तेच पाहिलं. त्यांचं तरी काय चुकलं!

झालं असं, की त्याच आठवड्यात भाव आणखी चढला. कोण्या एका कास्तकारानं बाजारात शिरण्याआधी त्या चित्रापुढं एक बोंड ठेवलं होतं म्हणे, आणि त्याचा माल हातोहात गेला. दुसऱ्या दिवशी पाच बोंडं, तिसऱ्या दिवशी नारळ. पंधरा दिवसांत साहेबाच्या कपाळाला शेंदूर लागला. बाया हळदकुंकू वाहायला लागल्या. चुरुटाला कोणी शंख म्हणे, कोणी मशाल. घंगाळाला पाळणा. कापूसबाबा असं नावही पडलं. अमरावतीकडच्या गाड्या वाट वाकडी करून तिथं थांबायला लागल्या. आणि जाता जाता, राक्षस म्हणून, लोक खालच्या तोंडावर एक खेटर हाणून जायचे. हाणलं की पीक चांगलं येतं, असंही कोणी तरी काढलं.

मी सांगून पाहिलं. अरे बापांनो, तो बडा साहेब हाये, डोळे फुटले का तुमचे? आणि खाली माझा सख्खा भाऊ हाये. एक म्हातारा मला हळूच म्हणाला, असं बोलू नये, बाबाचा कोप होईल. दुसरे म्हणाले, चितारी येडा झाला, भाऊ गेल्यापासून असाच करून राहिला. एका दुपारी मी चुन्याची बादली घेऊन गेलो आणि साहेबाच्या टोपीपासून पुसायला सुरुवात केली. टोपीच्या काठाशी पोचलो असेन नसेन, लोकांनी मला धरलं आणि रीतसर बडवलं. ज्यांच्या घरी मी भालदार-चोपदार काढले होते, तेही त्यात होते. ओठ फाटला, एक दात हलला. लागत होतं, पण दुसऱ्या कुणाला लागतंय तसं. घरी गेल्यावर मायनं हळद लावली आणि काय झालं ते विचारलं नाही.

थंडीत बडा साहेब दौऱ्यावर निघाला आणि कापसाचा बाजार पाहायला अकोल्यात आला. दादा गेल्यापासून मी याच दिवसाची वाट पाहिली होती. काय करायचं ते ठरलेलं होतं. त्याच्यासमोर उभं राहून दादाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मग पुढं काय व्हायचं ते होवो. साहेब त्या भिंतीपाशी थांबला. शेंदूर, फुलं, नारळाच्या करवंट्या आणि मधोमध त्याचेच तांबडे कल्ले. त्याच्यासोबत कचेरीतला शिरस्तेदार होता, शहरी, हुशार माणूस. त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं, आणि माझ्या रंग लागलेल्या बोटांवरून मलाही, हे मला दिसलं. साहेबानं विचारलं, हे काय? शिरस्तेदार म्हणाला, हा इथला कापसाचा देव. साहेबानं काठीनं खाली दाखवून विचारलं, आणि हा कोण? शिरस्तेदारानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं.

"दुष्काळ, हुजूर," तो म्हणाला.

साहेब खूश झाला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि चित्र चांगलं काढलंय, लोक श्रद्धाळू आहेत, असं काही तरी बोलून तराजूंकडं गेला. मी पाच पावलांवर उभा होतो. दादाचं नाव माझ्या तोंडात होतं. मी मान खाजवली. का, ते मला आजही सांगता येत नाही. ओरडावं असं वाटलंच नाही. काहीच वाटलं नाही. नंतर शिरस्तेदारानं मला बाजूला घेऊन खडसावलं, की गाढवा, मी तुझा जीव वाचवला, आता तरी हात आवर. मी त्याला बरं म्हणालो.

चैत्र संपता संपता पाटलाकडं हुकूम आला. साहेब डोंगरावर निघाला होता. घरटी गाडी धरली तर आमच्या घरचं नाव येणारच होतं, आणि दादा नाही म्हटल्यावर ते माझं. पाटील स्वतः सांगायला आला, खाली मान घालून. मी म्हणालो, जाईन. माय आतून ऐकत होती. त्या दिवशी तिनं घरचा कापूस पुढ्यात घेतला आणि देवाला घालतात ते वस्त्र करायला बसली. बोटांनी पिंजून, पीळ देऊन, मध्ये मध्ये कुंकवाचे मणी करत. एवढं लांब वस्त्र मी तिला कधी करताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, मले अकोल्याले ने.

मी गाडीतून नेलं. वखारीपाशी उतरली आणि सरळ त्या भिंतीपुढं जाऊन उभी राहिली. सकाळची वेळ, दोन-चार कास्तकार नारळ फोडत होते. तिला काही ठाऊक नसेल, लोकांनी काही तरी सांगितलं त्यावर ही आली, असं मला वाटलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, माय, हा देव नाही. मी काढलंय हे. हा बडा साहेब, आणि खाली पाहा, तो आपला...

"मले मालूम हाये," माय म्हणाली. "वर कोन हाये ते मालूम हाये अन् खाली कोन हाये तेही मालूम हाये. मी जन्म देल्ला त्याले. मले नाही ओळखू येनार?"

"मंग हे वस्त्र कायले?"

ती माझ्याकडं न पाहता बोलली. तुझी लहान बहीण देवीच्या फोडांनी गेली, म्हणाली, तेव्हा तू तीन वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तुझ्या अंगावर फोड उठले. "मी देवीले शिव्या नाही देल्या, बाबू. दहीभात ठेवला तिच्यापुढं. पोट्टी नेली तिनं माही, तरी ठेवला. काहून, त तू घरात होता. जो नेते त्याच्याच पाया पडा लागते. जो कोनाले नेतच नाही, त्याच्यापुढं जाऊन काय करू मी?"

मग तिनं ते वस्त्र साहेबाच्या दोन खांद्यांवर, शेंदराला चिकटेल असं, दाबून लावलं. दोन्ही हात जोडले. ओठ हलले, त्यात माझं नाव होतं. आणि मला म्हणाली, तूही पड पाया. मी पडलो. कपाळ जमिनीला लावलं, तर दादाचा चेहरा माझ्यासमोर वीतभर अंतरावर. खेटरांनी गालाचा रंग उडाला होता, एक डोळा पार गेला होता. मी उठलो तर माय तिथंच खाली बसली होती. आता ती वर पाहत नव्हती.

"याले काढून टाक अथून," ती म्हणाली. "लोकं खेटरं मारतात त्याले. मले पाहवत नाही रे."

मी म्हणालो, माय, हा गेला तर मग काहीच उरणार नाही. वरचा तेवढा राहील. साहेबानं काय केलं ते दाखवणारं सगळ्या वऱ्हाडात एवढंच आहे. हे मी एका दमात बोललो. दादा गेल्यापासून इतकं कधी बोललो नव्हतो. तिनं ऐकून घेतलं. मग पदराचं टोक थुंकीनं ओलं करून ती त्याच्या गालावरची माती पुसायला लागली, आणि मातीबरोबर रंगही निघून यायला लागला. मी तिचा हात धरून थांबवलं.

अडत्याकडून मी चुना मागून आणला. मला चुन्याची बादली घेऊन येताना पाहून नारळवाले सावध झाले, पण मी वर हात लावत नाही हे पाहून उभे राहिले. मी खालून सुरुवात केली. पाय, धोतर, पसरलेले हात. चेहरा शेवटी. जो चेहरा काढायला दोन दिवस लागले होते, त्यावर कुंचला तीनदा फिरवला. आधी डोळा दिसत राहतो, चुना ओला असतो तोवर, मग वाळतो तसा जातो. एक कास्तकार म्हणाला, बरं झालं, राक्षस मेला एकदाचा. मायनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. भिंत पुरती पांढरी होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली, आणि मग म्हणाली, चाल.

तिसऱ्या दिवशी मी बैल जुंपले. माझ्या गाडीत खुर्च्या आल्या. घाट चढलो, खुर्च्या उतरवल्या, नवव्या दिवशी घरी परत आलो. माय दारातच उभी होती. तिनं माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, बैलांना पाणी पाजलं आणि म्हणाली, "पाह्यलं ना, आयकलं त्यानं."

मी हो म्हणालो.